'जतन' की पुनर्लेखन? : 'वॉरक्राफ्ट ३'च्या वर्ल्ड एडिटरमधील 'सेव्ह' प्रक्रियेची चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकावरील 'सेव्ह' या आज्ञेसाठी मराठीत 'जतन करा' हा प्रतिशब्द आता रूढ झाला आहे. 'साठवा' हाही पर्याय उपलब्ध होता. परंतु साठविण्यात केवळ संग्रहाचा अर्थ आहे, तर जतन या शब्दात जपणुकीचा, काळजीचा आणि जे आहे ते जसेच्या तसे पुढच्या हाती देण्याचा अर्थ अंतर्भूत आहे. पोथी जतन करतात, बियाणे जतन करतात. हा शब्द निवडताना भाषांतरकारांनी नकळत एक आश्वासन देऊन ठेवले आहे. ते आश्वासन यंत्र कितपत पाळते, हा प्रश्न साध्या पत्रलेखनाच्या बाबतीत सहसा उद्भवत नाही. ज्या रचनेत चित्र, नियम, संवाद आणि गणित एकत्र बांधलेले असतात, तिच्या बाबतीत मात्र तो तीव्रतेने उद्भवतो. व्यूहरचनात्मक संगणकीय खेळांसोबत मिळणारे मॅप-संपादक हे अशा रचनेचे ठळक उदाहरण होय.

खेळाबरोबर खेळ घडविण्याचे साधनही ग्राहकाच्या हाती देण्याची प्रथा या खेळप्रकारात विसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिर झाली. १९९७ मधील 'एज ऑफ एम्पायर्स' आणि १९९८ मधील 'स्टारक्राफ्ट' या दोन्ही खेळांना स्वतःचे संपादक होते. मात्र या परंपरेचा कळस म्हणून ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन संस्थेच्या 'वॉरक्राफ्ट ३' (२००२) आणि त्याची पुरवणी असलेल्या 'द फ्रोझन थ्रोन' (२००३) यांच्यासोबतच्या 'वर्ल्ड एडिटर'कडे पाहावे लागते. 'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स' अर्थात 'डोटा' हा जगभर खेळला गेलेला खेळ याच संपादकातून, कोणत्याही संस्थेच्या पगारावर नसलेल्या रसिकांच्या हातून निर्माण झाला. 'डोटा'विषयी बोलले जाते तेव्हा ते बहुधा खेळाविषयी, स्पर्धांविषयी आणि मालकीच्या वादाविषयी असते. तो ज्या साधनात रचला गेला, त्या साधनात रोज काम करणाऱ्या माणसाला सर्वाधिक छळणारी गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. ती गोष्ट म्हणजे मॅप 'सेव्ह' न होणे, किंवा सेव्ह झाल्यासारखा दिसून प्रत्यक्षात न होणे.

प्रस्तुत लेखात या दोषाची चिकित्सा केली आहे. दोष दूर कसा करावा एवढ्यापुरती ही चर्चा मर्यादित नाही. दोष जेथे प्रकट होतो तेथे साधनाचा स्वभावही प्रकट होतो, या भूमिकेतून ती केलेली आहे.

एकाच मॅपच्या दोन संहिता :

वर्ल्ड एडिटरमध्ये तयार झालेला मॅप बाहेरून एक फाइल दिसतो. वस्तुतः ती एक पेटी आहे. 'एमपीक्यू' नावाच्या संग्रह-पद्धतीने बांधलेल्या या पेटीत अनेक फायली असतात : एकीत जमिनीचा चढउतार, दुसरीत झाडे व इतर सजावट, तिसरीत सैनिक व इमारती, चौथीत पडद्यावर येणारी वाक्ये, आणखी एकीत बदललेल्या पात्रांचे गुणधर्म. यातील बहुतेक फायलींबद्दल फारसे बोलण्याजोगे काही नाही. त्या यादीवजा आहेत आणि त्यांत बिघाड झाला तर तो चटकन डोळ्यांत भरतो. वाक्यांची फाइल हरवली, तर खेळात संवादाऐवजी 'ट्रिगस्ट्र' हा शब्द आणि एक क्रमांक दिसू लागतो. दोष हास्यास्पद दिसतो, पण निदान प्रामाणिक असतो.

खरी गुंतागुंत नियमांच्या बाबतीत आहे. खेळात काय घडले असता काय व्हावे हे 'ट्रिगर'द्वारे सांगितले जाते. प्रत्येक ट्रिगरला घटना, अट आणि कृती अशी तीन अंगे असतात आणि ती तयार वाक्यांच्या यादीतून निवडता येतात. 'अमुक सैनिक मरण पावला असता, त्याला मारणारा पहिल्या खेळाडूचा असेल, तर त्या खेळाडूला शंभर मोहरा द्याव्यात', अशा जवळजवळ बोलीभाषेतील वाक्यांत नियम लिहिता येतो. प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या मुलांनी या सोयीच्या बळावर गुंतागुंतीचे खेळ रचले. वर्ल्ड एडिटरचे हे श्रेय निर्विवाद आहे आणि पुढील टीका वाचताना ते विसरता कामा नये.

परंतु प्रत्यक्ष खेळ ही वाक्ये वाचतच नाही. खेळ वाचतो ती 'जास' या भाषेतील स्क्रिप्ट. म्हणजे एकाच मॅपमध्ये नियमांच्या दोन संहिता नांदत असतात. एक संहिता संपादकासाठी असते. ती 'डब्ल्यूटीजी' आणि 'डब्ल्यूसीटी' या दोन फायलींत विभागलेली असते. दुसरी संहिता खेळासाठी असते. ती 'जे' या एकाक्षरी विस्ताराच्या फाइलमध्ये असते. रचनाकार पहिली लिहितो, खेळाडू दुसरी अनुभवतो. या दोहोंमधला पूल म्हणजे 'सेव्ह' ही आज्ञा. रचनाकार ती देतो तेव्हा संपादक पहिल्या संहितेवरून दुसरी संपूर्णपणे नव्याने लिहून काढतो. येथे जतन होत नाही. भाषांतर होते, आणि तेही प्रत्येक वेळी पहिल्या अक्षरापासून.

हे ध्यानात घेतले म्हणजे सेव्हचे अनेक गूढ वाटणारे दोष गूढ राहत नाहीत. टंकलेखन-संपादकात सेव्ह अयशस्वी होते तेव्हा कारण बहुधा बाहेरचे असते : जागा संपली, परवानगी नाही, चकती खराब. वर्ल्ड एडिटरमध्ये सेव्ह अयशस्वी होण्याचे कारण रचनेच्या आत, तिच्या अर्थात असू शकते. मजकुरात व्याकरणाची चूक आहे म्हणून कपाटाने वही आत घेण्यास नकार द्यावा, तसा हा प्रकार आहे.

न लिहिलेल्या मजकुरातील चुका :

एक प्रातिनिधिक उदाहरण तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. एखाद्या मॅपमध्ये गावाच्या वेशीवर एक पहारेकरी उभा केला आहे. त्याच्याविषयीचा एक ट्रिगर तयार वाक्यांचा आहे. दुसरा ट्रिगर रचनाकाराने थेट 'जास' भाषेत लिहिला आहे आणि त्यातही त्या पहारेकऱ्याचा उल्लेख आहे. मॅपवर ठेवलेल्या सैनिकाला स्क्रिप्टमध्ये संपादक एक ठरावीक नाव देतो : 'जीजी_युनिट' हा उपसर्ग, मग सैनिकाच्या प्रकाराचे चार अक्षरी संकेतनाम आणि शेवटी चार अंकी क्रमांक. मॅप व्यवस्थित सेव्ह होतो आणि खेळातही चालतो. काही आठवड्यांनी रचनाकाराला पहिला ट्रिगर अनावश्यक वाटतो आणि तो ते काढून टाकतो. पुढच्या सेव्हच्या वेळी चुकांची खिडकी उघडते. चूक दाखविली जाते ती दुसऱ्या ट्रिगरमध्ये, ज्याला कोणी हातही लावलेला नाही.

कारण असे. संपादक मॅपवरील प्रत्येक सैनिकासाठी स्क्रिप्टमध्ये नाव जाहीर करीत नाही. तयार वाक्यांच्या ट्रिगरमध्ये ज्यांचा उल्लेख आढळतो, त्यांचीच नावे तो जाहीर करतो. हाताने लिहिलेल्या मजकुरात तो डोकावत नाही. तो मजकूर तो उचलून जसाच्या तसा स्क्रिप्टमध्ये ठेवतो. पहिला ट्रिगर गेला, त्याबरोबर पहारेकऱ्याच्या नावाची जाहीरनोंद गेली आणि दुसरा ट्रिगर अस्तित्वात नसलेल्या नावाकडे बोट दाखवीत राहिला. उपाय अगदी साधा आहे. तयार वाक्यांच्या एका ट्रिगरमध्ये तो पहारेकरी स्वतःच्या एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवावा आणि हाताने लिहिलेल्या मजकुरात त्या व्हेरिएबलचेच नाव वापरावे. मात्र हा उपाय सुचण्यासाठी रचनाकाराला दोन संहितांचे अस्तित्व माहीत असावे लागते. आणि संपादकाची सारी मांडणी तर ते त्याच्यापासून झाकून ठेवण्यासाठी केलेली आहे.

हाच नियम व्हेरिएबलचे नाव बदलताना आडवा येतो. तयार वाक्यांच्या ट्रिगरमध्ये नाव आपोआप बदलते, हाताने लिहिलेल्या मजकुरात ते जुनेच राहते. एखादा ट्रिगर तात्पुरता बंद करून ठेवला, तर तो स्क्रिप्टमध्ये उतरत नाही. साहजिकच त्याला हाक मारणारे इतर ट्रिगर चुकीचे ठरतात. प्रत्येक वेळी चूक एका ठिकाणी घडते आणि दुसऱ्याच ठिकाणी दिसते.

चुकांच्या खिडकीची भाषा हा स्वतंत्र टीकेचा विषय आहे. तेथे दाखविलेली ओळ रचनाकाराने लिहिलेली नसते. ती संपादकाने निर्माण केलेली असते. तयार वाक्यातील 'जर–तर' या साध्या रचनेसाठी संपादक स्क्रिप्टमध्ये ट्रिगरचे नाव, 'फंक' हा शब्द आणि क्रमांक जोडून एक वेगळेच फंक्शन घडवितो. ज्याने आयुष्यात एकही फंक्शन लिहिलेले नाही, त्याला त्या फंक्शनमध्ये चूक असल्याचे सांगितले जाते. संदेशही त्रोटक असतात : येथे नाव अपेक्षित होते, येथे विधान अपेक्षित होते. शिवाय एक 'एंडइफ' राहून गेले, तर त्यापुढच्या निर्दोष ओळीही सदोष ठरतात आणि चुकांचा आकडा शेकड्यांत जातो. अनुभवी रचनाकार या यादीतील फक्त पहिली चूक वाचतात, ती दुरुस्त करतात, पुन्हा सेव्ह करतात. नवशिका मात्र आकडा पाहूनच खचतो. किती मॅप या आकड्यापाशी सोडून दिले गेले असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

याहून आक्षेपार्ह गोष्ट पुढे आहे. चूक असलेला ट्रिगर संपादक स्वतःहून बंद करून टाकतो. हेतू कदाचित चांगला असेल : उर्वरित मॅप तरी चालावा. परंतु रचनाकाराच्या नियमांपैकी कोणता नियम गाळायचा हा निर्णय साधनाने घ्यावा काय? घाईत खिडकी मिटणाऱ्याच्या लक्षात येत नाही की आपला एक नियम आता झोपी गेला आहे. दोन दिवसांनी खेळताना वेस उघडत नाही आणि शोध भलत्याच दिशेने सुरू होतो.

शोधाची पद्धत :

काही वेळा चुकांची खिडकी उघडतही नाही. सेव्ह करतानाच संपादक बंद पडतो. अशा वेळी कोणताही पुरावा हाती राहत नाही. येथे रचनाकारांनी अवलंबिलेली पद्धत म्हणजे अर्धे-अर्धे करीत जाणे. प्रथम मॅपची प्रत वेगळ्या नावाने करावी. तिच्यातील अर्धे ट्रिगर काढून सेव्ह करून पाहावे. सेव्ह झाले, तर दोष काढलेल्या अर्ध्यात आहे. नाही झाले, तर राहिलेल्या अर्ध्यात. ६४ ट्रिगर असतील, तर तत्त्वतः सहा फेऱ्यांत दोषी ट्रिगर सापडतो.

'तत्त्वतः' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ट्रिगर परस्परावलंबी असल्यामुळे अर्धे काढताच नव्या, मुळात नसलेल्या चुका उद्भवतात आणि शोधणारा स्वतःच्याच पावलांच्या ठशांचा माग काढू लागतो. म्हणून विभागणी संख्येने करून भागत नाही. जे ट्रिगर एकमेकांना हाक मारतात त्यांचे गट एकत्र ठेवून ती करावी लागते. ज्याने आपले ट्रिगर सुरुवातीपासून विषयवार गटांत ठेवले आहेत, त्याला हे काम तासाभराचे; ज्याने सर्व एकाच ढिगात टाकले आहेत, त्याला ते रात्रभराचे. रचनेची शिस्त सौंदर्यासाठी नसते, हे अशा रात्री समजते.

या पद्धतीचे पाठचिकित्सेशी साम्य पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये हाती घेतलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे मराठी अभ्यासकाला पाठभेद, प्रक्षेप, प्रतींची वंशावळ या संकल्पना परिचित आहेत. मॅपच्या क्रमांकित प्रती समोर ठेवून 'दोष कोणत्या प्रतीत शिरला' असे विचारणे हे वरवर तेच काम वाटते. परंतु साम्य येथेच थांबते. पोथीतील चूक लेखनिकाच्या डोळ्याची किंवा कानाची असते आणि तो लेखनिक दुसऱ्या वेळी तीच चूक करीलच असे नाही. संपादकाची चूक मात्र नियमबद्ध असते. तोच मजकूर दिला, तर तो हजार वेळा तीच चूक करील. म्हणूनच तिचा छडा लागू शकतो. पाठचिकित्सकाला अनुमानावर थांबावे लागते, मॅपच्या रचनाकाराला प्रयोग करता येतो. मात्र प्रयोगासाठी जुन्या प्रती हव्यात. एकाच नावावर पुनःपुन्हा सेव्ह करीत राहणारा रचनाकार प्रत्येक वेळी आधीची निर्दोष प्रत स्वतःच्या हाताने पुसत असतो. नावापुढे क्रमांक वाढवीत जाण्याची साधी सवय हीच येथील खरी विद्या आहे.

दुसऱ्याच्या हातचे जतन :

वर्ल्ड एडिटरच्या मर्यादा ओलांडण्यासाठी रसिकांनी स्वतःची साधने तयार केली. त्यांतील 'जासहेल्पर' हे व्हेक्सोरियन या टोपणनावाच्या रचनाकाराचे साधन विशेष प्रचलित झाले. त्याने 'व्हीजास' ही अधिक समृद्ध भाषा उपलब्ध करून दिली. त्याची काम करण्याची पद्धत अशी : संपादकाने मॅप सेव्ह केल्यानंतर हे साधन ती फाइल उचलते, तिच्यातील स्क्रिप्टचे साध्या 'जास'मध्ये रूपांतर करते आणि ती परत पेटीत ठेवते. म्हणजे एका भाषांतरावर दुसरे भाषांतर. चूक पहिल्याची की दुसऱ्याची, हे ओळखण्यासाठी कोणती खिडकी उघडली आहे ते पाहावे लागते.

याच परिवारातील एका साधनामुळे घडणारा घोटाळा फार बोलका आहे. स्क्रिप्टमध्ये एक विशिष्ट ओळ लिहून मॅपमध्ये नवी पात्रे वा कौशल्ये आपोआप निर्माण करता येतात. ओळ लिहून सेव्ह केले की ती फाइलमध्ये तयार होतात. परंतु उघड्या असलेल्या संपादकाला याची वार्ताही नसते. त्याच्या स्मृतीत जुनाच मॅप असतो. अशा वेळी रचनाकाराने मॅप बंद करून पुन्हा उघडणे आवश्यक असते. तसे न करता ती ओळ काढून त्याने पुन्हा सेव्ह केले, तर संपादक आपल्या स्मृतीतील जुना मॅप फाइलवर लिहितो आणि नवी पात्रे नाहीशी होतात. येथे कोणताही बिघाड झालेला नाही. दोन्ही साधनांनी आपापले काम चोख केले आहे. काळजीपूर्वक सेव्ह करण्याच्या सवयीनेच काम नष्ट झाले आहे. पुढे २०१९ मधील १.३१ या आवृत्तीत 'जासहेल्पर' मूळ संपादकात समाविष्ट करण्यात आले आणि 'जास'ऐवजी 'लुआ' भाषेत स्क्रिप्ट लिहिण्याचा पर्यायही मिळाला. रसिकांनी बाहेरून बांधलेली खोली अखेर मूळ घराच्या नकाशात दाखविली गेली, असे म्हणता येईल.

ज्या संपादकांनी तयार वाक्यांच्या यादीत स्वतःची वाक्ये वाढविली, त्यांची गत वेगळी. 'डब्ल्यूटीजी' फाइलमध्ये कोणत्या वाक्याला किती रिकाम्या जागा आहेत याची नोंद नसते. ती माहिती संपादकाजवळच्या 'ट्रिगरडेटा' या वेगळ्या यादीत असते. त्यामुळे वाढीव वाक्ये वापरून सेव्ह केलेला मॅप मूळ संपादकात उघडू पाहिला, की पहिल्याच अनोळखी वाक्यापाशी तो अडखळतो. तेथून पुढे कोठे काय संपते हेच त्याला कळत नाही. फाइल शाबूत आहे, पण तिचा कोश दुसऱ्याच्या घरी राहिला आहे.

कार्यप्रणालीमुळे होणाऱ्या घोटाळ्यांपैकी एकाचाच उल्लेख पुरेसा आहे. जुन्या पद्धतीनुसार मॅप खेळाच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे बहुधा 'प्रोग्राम फाइल्स'च्या पोटात ठेवले जात. २००७ मध्ये विक्रीस आलेल्या 'विंडोज व्हिस्टा'ने सुरक्षेसाठी तेथे लिहिण्यास सामान्य प्रोग्रामला मनाई केली. मात्र जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून लिहिलेले सारे गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये वळविण्याची व्यवस्था केली. परिणाम असा की संपादकात सेव्ह केलेला मॅप फोल्डर उघडून पाहिल्यास दिसत नाही. किंवा जुनीच प्रत दिसते. कोणीतरी सल्ला देतो की संपादक 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालवावा. तो तसा चालविताच वळवणूक थांबते, संपादक खऱ्या फोल्डरमधील जुनी प्रत उघडतो आणि रचनाकाराला वाटते की महिन्याभराचे काम गेले. वास्तविक ते दोन फोल्डर पलीकडे सुखरूप असते. मॅप स्वतःच्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये ठेवणे एवढाच याला उपाय. तो कळेपर्यंतची घालमेल मात्र खरी.

वाचक बदलला तर :

आतापर्यंत पाहिलेल्या दोषांत लिहिणारा चुकतो. २००९ मध्ये याच्या उलट घडले. 'जास' भाषेत एक छिद्र होते. फंक्शनने कोणत्या प्रकारचे मूल्य परत करावे याची तपासणी फक्त शेवटच्या 'रिटर्न' विधानापुरती होत असे. त्याआधी भलत्याच प्रकारचे 'रिटर्न' लिहिले तरी ते खपून जाई आणि प्रत्यक्षात तेच अमलात येई. या युक्तीने खेळातील कोणत्याही वस्तूचे संख्येत रूपांतर करता येई आणि त्या संख्येच्या आधारे वस्तूला हवी ती माहिती चिकटविता येई. भाषेने जे दिले नव्हते ते रचनाकारांनी तिच्या दोषातून मिळविले आणि त्यावर असंख्य मॅप उभारले. परंतु याच छिद्रातून मॅपद्वारे खेळाडूच्या संगणकावर परकी आज्ञावली चालविणेही शक्य होते. १.२४ या आवृत्तीने छिद्र बुजविले, आणि त्या युक्तीवर उभे असलेले मॅप चालेनासे झाले. मोबदल्यात 'हॅशटेबल' ही अधिकृत सोय देण्यात आली. जे रचनाकार तोवर सक्रिय होते त्यांनी आपले मॅप नव्याने लिहिले.

दुरुस्ती आवश्यक होती यात शंका नाही. परंतु त्या मॅपांच्या फायलींतील एकही अक्षर बदललेले नव्हते. त्या पूर्णपणे जतन झालेल्या होत्या; त्यांना वाचणारा तेवढा बदलला. ज्यांचे रचनाकार एव्हाना हा छंद सोडून नोकरी-संसारात गेले होते, असे मॅप दुरुस्त कोणी करायचे? आणि करायचे म्हटले तरी ते उघडायचे कसे?

हा दुसरा प्रश्न केवळ आलंकारिक नाही. आपला मॅप दुसऱ्याने उघडून त्यावर स्वतःचे नाव घालू नये म्हणून तो 'संरक्षित' करण्याची प्रथा रचनाकारांत रूढ होती. संरक्षण म्हणजे प्रायः संपादकासाठीच्या फायली काढून टाकणे. खेळाला 'जे' फाइल पुरते, म्हणून मॅप उत्तम चालतो. संपादकाला 'डब्ल्यूटीजी' लागते, म्हणून तो उघडत नाही. दोन संहितांपैकी मूळ संहिता नष्ट करून भाषांतर तेवढे प्रसृत करण्याचा हा प्रकार होय. चोरी टळते, हे खरे. परंतु रचनाकाराच्या संगणकातील असंरक्षित प्रत एकदा गेली, की स्वतःच्याच रचनेपुढे तोही परका ठरतो. चोरीच्या भीतीने उचललेले हे पाऊल जितके समजण्याजोगे आहे तितकेच ते आत्मघातकी आहे. आणि संपादकाच्या निर्मात्यांनी कर्तृत्वाच्या नोंदीची कोणतीही विश्वासार्ह सोय न दिल्यामुळे ते उचलावे लागले, हेही सांगितले पाहिजे. पुढे जानेवारी २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३ : रिफोर्ज्ड' प्रसिद्ध झाला तेव्हा संस्थेने आपल्या धोरणात स्पष्ट केले की या संपादकातून निर्माण होणारे खेळ ही संस्थेची मालमत्ता राहील. रसिकांनी त्यावर नाराजी व्यक्त केली. मालकीचा वाद आपल्या जागी आहे. परंतु ज्या रचना संस्था स्वतःच्या मानते, त्या उघडण्याजोग्या राहाव्यात याची जबाबदारी मात्र ती रचनाकाराच्या क्रमांकित प्रतींवर सोडते, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

नव्या संपादकात मॅप बंद पेटीऐवजी उघड्या फोल्डरच्या रूपात सेव्ह करता येतो. प्रत्येक अंग वेगळी फाइल म्हणून दिसते. दोन प्रतींमधील फरक फाइलवार तपासता येतो आणि दोष कोणत्या अंगात शिरला हे ठरविणे सोपे जाते. ही सुधारणा मोलाची आहे. मात्र नव्या संपादकात सेव्ह केलेला मॅप जुन्या संपादकात उघडत नाही. म्हणून जुना मॅप प्रथमच नव्यात उघडणाऱ्याने सेव्ह करण्यापूर्वी मूळ फाइल बाजूला काढून ठेवणे इष्ट. संरक्षित मॅपांच्या बाबतीत अजूनही मार्ग एकच आहे : पेटीतून 'जे' फाइल बाहेर काढायची आणि तिच्यावरून नियम पुन्हा जुळवायचे. नियम मिळतात. कधी लघुरूप केलेल्या, निरर्थक नावांच्या जंगलातून मिळतात, पण मिळतात. रचनाकाराने आपल्या ट्रिगरांना दिलेले गट, त्या गटांची नावे, कशानंतर काय मांडले होते तो क्रम, हे मात्र 'जे' फाइलमध्ये कधी उतरलेलेच नसते.